रिबेकाच्या पंपाचं पाणी

लाइमहाउस, लंडन
१४ नोव्हेंबर १६६३

प्रिय ऑड्री,

आधी एवढं वाच आणि मग काळजी कर. तुझा नवरा गिल्बर्ट धडधाकट आहे, मीही आहे, आणि आमची बोट रिबेका एकदाची थेम्समध्ये येऊन नांगर टाकून उभी आहे. बाकी सगळं वाईट आहे. हे पत्र चीजच्या होडीवाल्या थॉमसच्या हाती देतोय. गिल्बर्ट रस्त्याने येतोय आणि वाटेत इप्सविचला बोटीच्या मालकांकडे, मास्केलकडे, थांबणार आहे, म्हणजे तो वुडब्रिजला पोचायच्या आत तुला हे मिळेल.

मालागाहून आणलेले मनुके गेले, अंजीरही गेले. टोपल्या उघडल्या तेव्हा हमालांनी नाकाला फडकी बांधली. माल हॅडन नावाच्या किराणा व्यापाऱ्याचा. त्याने आठ दिवसांत समुद्रावरच्या खटल्यांच्या आरमारी कोर्टात फिर्याद ठोकली आणि कोर्टाच्या माणसाने येऊन आपल्या मोठ्या डोलकाठीवर जप्तीचा कागद खिळ्याने ठोकला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, खिळा जरा बेताने मार, या बोटीला आणखी एक भोक झेपणार नाही. त्याला काही कळलं नाही. गिल्बर्टला मात्र कळलं, आणि तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

हॅडन म्हणतो, बोट निघतानाच गळकी होती. मास्केल मालक आणि गिल्बर्ट म्हणतात, बोट भक्कम होती, बिस्केच्या उपसागरातल्या वादळाने तिचे सांधे उघडले. वादळ देवाच्या हातचं, त्याला कप्तान काय करणार. म्हणजे सगळं घोडं येऊन अडलंय ते एकाच गोष्टीवर. वादळाच्या आधी बोट कशी होती? आणि हे शपथेवर सांगण्याजोगा माणूस एकच, बोटीवरचा सुतार. म्हणजे मी.

बाबा आठवतात ना? दुरुस्त केलेली बोट पाण्यात सोडली की पंधरा दिवसांनी ते आपल्या दोघांना तळातलं पाणी उपसायच्या पंपाच्या तोंडाशी उभं करायचे आणि पाणी वर आलं की विचारायचे, वास कसा येतो? काळं, सडकं पाणी आलं की तुला ओकारी यायची आणि बाबा खूष व्हायचे. तळाशी साचून कुजलेलं पाणी ते. म्हणजे बाहेरचं आत येत नाही, बोट घट्ट. पण पाणी नितळ आलं की त्यांचा चेहरा उतरायचा. नितळ म्हणजे ताजं, म्हणजे समुद्र आत शिरतोय. जमिनीवरच्या लोकांना हे नेमकं उलटं वाटतं, म्हणून बाबा हसायचे.

मालागा सोडल्यावर तिसऱ्या दिवशी रिबेकाच्या पंपातून नितळ पाणी आलं. स्वच्छ ऊन होतं, वारा पाठीमागून, समुद्र तळ्यासारखा. वादळ लागलं ते त्यानंतर अकरा दिवसांनी. मी ओंजळीत पाणी घेऊन गिल्बर्टकडे गेलो. त्याने बघितलं, मग शिडांकडे बघितलं, आणि म्हणाला, "पंप चालव, बार्नबी, आणि तोंड मीट."

नाताळानंतर मला शपथेवर बोलावतील. गिल्बर्ट तुझा नवरा आहे. मी काय करू, ते तू सांग.

तुझा भाऊ
बार्नबी

*

वुडब्रिज
२६ नोव्हेंबर १६६३

बार्नबी,

तुझं पत्र मिळालं. म्हणजे आमच्या कप्तानांना मिळालं. थॉमसची होडी चिखलात अडकली, त्यामुळे ते आधी पोचले आणि पत्र नंतर. आपल्याकडे आलेलं पत्र जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचायची रीत तुला ठाऊकच आहे. त्यांनी वाचलं. पंपाच्या पाण्यापर्यंत आल्यावर थांबले, पुढचं मनात वाचलं, आणि उठून बाहेर गेले. सूप गार झालं.

आत्ता ते माझ्या शेजारी बसलेत आणि मी लिहितेय. ते म्हणतात असं लिही, की नऊ वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढल्यावर त्यांना स्वतःची बोट मिळाली. ते म्हणतात असंही लिही, की मास्केल मालकांनी इप्सविचला त्यांच्या हातावर हात मारून शब्द दिलाय. कोर्टात बोट भक्कम ठरली, तर मार्चमध्ये रिबेका न्यूफाउंडलंडच्या मासेमारीला निघेल आणि कप्तान म्हणून गिल्बर्ट थर्लोच जाईल. ती गळकी ठरली, तर त्यांना किनाऱ्यावरच्या एकाही बोटीत जागा मिळणार नाही, कारण गळकी बोट माहीत असून हाकली असंच सगळे म्हणतील. तेव्हा हे पाण्याबिण्याचं मनातून काढून टाक, असं लिही म्हणतात.

हे सगळं मी लिहिलंय. माझंही एक लिहिते. तुझ्या मेव्हण्याला मी आजवर कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. गेले चार दिवस बघतेय.

थॉमसबरोबर चीज पाठवतेय. यंदाचं इतकं कडक झालंय की कप्तानांनी काल सुरी बाजूला ठेवून कुऱ्हाड मागितली. तुझ्याकडे करवत आहे, तुझं भागेल. मफलर पाठवलाय तो गळ्यात घाल, हत्यारं पुसायला घेऊ नकोस.

मास्केल मालकांचा वकील एकेका साक्षीदाराला कोणते प्रश्न विचारायचे त्याची यादी करतोय. त्याचा माणूस माहिती घ्यायला इकडेही येणार आहे म्हणे.

तुझी बहीण
ऑड्री

*

लाइमहाउस
९ डिसेंबर १६६३

ऑड्री,

हे पत्रही गिल्बर्ट मोठ्याने वाचेल, तर वाचू दे. तुझ्याच कानाने ऐक म्हणजे झालं.

काल मी रिबेकावर जाऊन आलो. कोर्टाचा पहारेकरी मला ओळखतो, त्याने जाऊ दिलं. मी खाली उतरलो आणि कण्याला लागून असलेल्या डाव्या बाजूच्या फळीवर हातोडीने ठोकत गेलो. चांगलं लाकूड ठणकन बोलतं, हे धप्प करत होतं. सबंध उन्हाळाभर मालागाच्या कोमट पाण्यात मालाची वाट बघत बसलो, तेव्हा तिथल्या लाकूड पोखरणाऱ्या किड्याने आपलं काम केलं. निघायच्या आधी बोट काठावर आडवी करून तळ तपासू या, असं मी म्हणालो होतो. दहा दिवस लागले असते. मालकांचा निरोप आला होता की मनुके नाताळाच्या बाजाराला पोचलेच पाहिजेत. गिल्बर्टने मालकांचं ऐकलं.

खलाशांवर देखरेख करणारा आपला तांडेल हॉब, त्याची साक्ष झाली. बोट बाटलीसारखी बंद होती म्हणाला. हॉबला मी वीस वर्षं ओळखतो, त्याला बाटली म्हणजे काय ते चांगलं ठाऊक आहे आणि ती कोणी पाजली हेही मला ठाऊक आहे.

आता माझं ऐक. बोट भक्कम होती असं मी शपथेवर म्हटलं, तर गिल्बर्टला बोट मिळेल. बरोबर. मग मार्चमध्ये मालक तिला बाहेरून डांबर फासतील आणि ती बर्फाच्या समुद्रात जाईल. बिस्केमध्ये आम्ही नऊ दिवस अहोरात्र पंप मारला, सहा माणसं आळीपाळीने, आणि कसेबसे आलो, कारण इंग्लंड जवळ होतं. न्यूफाउंडलंडच्या वाटेवर जवळ काय आहे? तुझा नवरा उन्हाळ्यापर्यंत परत येणार नाही, मग हिवाळ्यातही येणार नाही, आणि त्याला भक्कम बोट मिळवून देणारा माणूस मी असेन. बोट गळकी होती असं म्हटलं, तर त्याचा धंदा मी बुडवला. दोन्हीकडून तुझ्या घरात मीच आग लावणार.

रात्र रात्र झोप नाही. परवा तर मला आठवतच नाही असं सांगून मोकळं व्हावं, इथपर्यंत मन आलं. तुला खरोखर काय हवंय ते एकदा स्पष्ट लिही. कप्तान काय म्हणतात ते नको. तू.

बार्नबी

*

वुडब्रिज
२१ डिसेंबर १६६३

बार्नबी,

तुझं पत्र वाचून झालं. दोनदा वाचून झालं, एकदा ओरडून.

कप्तान समोर बसलेत. मला वेगळं काही लिहायचं नाही. त्यांना त्यांची बोट हवी आहे आणि मी त्यांची बायको आहे.

वकिलाचा माणूस सोमवारी येऊन गेला. कप्तान नेमके इप्सविचला गेले होते, म्हणून त्याला मीच बसवलं, बीअर दिली, चीज दिलं. त्याला जे हवं होतं ते त्याने लिहून घेतलं. कप्तान आल्यावर म्हणाले, बायकांना काय विचारायचंय, वेळ फुकट घालवला त्याने. मीही तेच म्हटलं.

तुला मी एवढंच मागते, घरातलं माणूस म्हणून मागते. कोर्टात स्वतःहून काही बोलू नकोस. ते जे विचारतील त्याचं सरळ उत्तर दे. जास्त नाही, कमी नाही. आठवत नाही वगैरे म्हणू नकोस, बाबांच्या मुलाला ते शोभत नाही. यावर आपण पुन्हा लिहायचं नाही.

नाताळच्या शुभेच्छा. मनुक्याची खीर यंदा केली नाही, कोणाला इच्छा नव्हती.

ऑड्री

*खाली वेगळ्या हस्ताक्षरात:* तुझी बहीण शहाणी आहे. तिचं ऐक. — गि. थर्लो

*

लाइमहाउस
२३ जानेवारी १६६४

ऑड्री,

झालं. काल झालं. जसं झालं तसं लिहितो, मग तू काय म्हणायचं ते म्हण.

सेंट पॉलच्या मागच्या गल्लीत एक खोली आहे, तिथे साक्ष घेतात. न्यायाधीश नाही, वकील नाही, हॅडन नाही, मास्केल नाही. दार लावून घेतात. एक साक्षीदार आणि एक म्हातारा कारकून, एवढीच दोन माणसं. त्याच्या बोटांना थंडीने भेगा पडल्या होत्या आणि दौतीतली शाई गोठू नये म्हणून ती शेगडीजवळ ठेवलेली. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी लिहून दिलेले प्रश्न तो वाचतो, आपण बोलायचं, तो लिहून घेतो.

आधी हॅडनच्या बाजूचे प्रश्न. कप्तान तुमचे कोण? बहिणीचा नवरा. त्यांनी तुम्हाला काही शिकवलं का? मी म्हटलं, शिकवायचा प्रयत्न केला, मी शिकण्यात पहिल्यापासून कच्चा. कारकून हसला नाही, आणि ते त्याने लिहिलंही नाही. मग तो नेहमीचा प्रश्न, जो सगळ्यांना विचारतात: तुमच्या हातात असतं तर या खटल्यात कोणाला जिंकवलं असतं? याचं उत्तर ठरलेलं असतं, न्याय होवो म्हणायचं आणि सुटायचं. हॉबनेही तेच म्हटलं असणार. माझ्या तोंडून भलतंच आलं. मी म्हणालो, "मला माझ्या बहिणीचा नवरा म्हातारा झालेला बघायचाय." कारकुनाने लेखणी उचलली, माझ्याकडे जरा बघितलं आणि लिहिलं, न्याय व्हावा अशी साक्षीदाराची इच्छा आहे. नंतर वाचून दाखवलं तेव्हा मी ते तसंच राहू दिलं. तसं बघितलं तर खोटं काहीच नव्हतं.

हॅडनच्या वकिलाला पंपाबद्दल एकही प्रश्न सुचला नव्हता. मला हायसं वाटलं. मग आपल्या बाजूचे प्रश्न आले. बोट किती वर्षांची, मालागाला शिडं दुरुस्त केली का, दोर नवे होते का. सगळ्यांची खरी उत्तरं होती आणि सगळी बोटीच्या बाजूची होती. मी तुझं ऐकलं, स्वतःहून एक शब्द काढला नाही. मनात म्हणत होतो, असंच निभावलं तर माझी शपथही राहील आणि गिल्बर्टची बोटही. बर्फाच्या समुद्राचं काय, ते मी मनात येऊ देत नव्हतो. मला लाज वाटते, पण तेव्हा तसंच होतं.

आणि मग सातवा प्रश्न. कारकुनाने वाचला: मालागा सोडल्यापासून वादळ लागेपर्यंतच्या चौदा दिवसांत पंपातून येणारं पाणी स्वच्छ, नितळ आणि दुर्गंध नसलेलं होतं, हे खरं ना?

मी म्हटलं पुन्हा वाचा. त्याने पुन्हा वाचला. आपल्याच बाजूच्या वकिलाचा प्रश्न, ऑड्री. त्या गाढवाला वाटलं असणार की स्वच्छ पाणी म्हणजे चांगली बोट. शेगडीत कोळसा फुटल्याचा आवाज येत होता. मला घाण वास होता म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. पण मला पंपाच्या तोंडाशी उभी असलेली आपण दोघं दिसली आणि बाबा विचारताहेत, वास कसा येतो. त्या प्रश्नाचं खोटं उत्तर मी आयुष्यात कधी दिलेलं नाही. मला ते जमलंच नाही.

"नितळ होतं," मी म्हटलं. "तिसऱ्या दिवसापासून. विहिरीच्या पाण्यासारखं."

कारकून खूष झाला. म्हणाला, बोटीची निगा चांगली राखलेली दिसते. मी सही केली आणि सहीखाली बाबा काढायचे तशी लाकूड तासायच्या वाकसाची खूण काढली. खूण वाकडी आली.

आता हे कागद दोन्ही बाजूंना दाखवतील. मला माफ कर असं लिहावं का तेही कळत नाही.

बार्नबी

*

वुडब्रिज
२७ फेब्रुवारी १६६४

बार्नबी,

महिनाभर पत्र नाही म्हणून तू हवालदिल झाला असशील. थॉमस म्हणतो तू दर शनिवारी धक्क्यावर येऊन उभा राहतोस. आज कप्तान घरी नाहीत. डेबेन नदी ओलांडून देणाऱ्या तरीवर नावाड्याची जागा रिकामी झाली आहे, ते तिकडे बोलायला गेलेत. संध्याकाळपर्यंत येणार नाहीत. मी नोव्हेंबरपासून अशा दुपारची वाट बघतेय.

इकडचं आधी सांगते. साक्षीचे कागद उघडले त्या दिवशी हॅडनने दोन जुन्या कप्तानांना वाचायला बसवलं. ते सातव्या उत्तरावर आले, एकमेकांकडे बघितलं आणि म्हणे इतके हसले की एकाला खोकला लागला. त्यांनी बोट ओहोटीला चिखलावर आडवी करून तपासायची मागणी केली. ते तू स्वतः बघितलं असशील. फळी पोखरलेली निघाली आणि खटला संपला. मास्केल मालकांनी कप्तानांना एका ओळीचं पत्र पाठवलं. एवढी वर्षं काम केलेल्या माणसाला एक ओळ.

कप्तान तुझं नाव घेत नाहीत, आम्हालाही घेऊ देत नाहीत. तू आमच्यासाठी बनवून पाठवलेलं स्टूल त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवलंय. रात्री उठून बसतात. माझ्या देखत रडत नाहीत, पण उशी सांगते.

आता नीट ऐक. तो सातवा प्रश्न त्या वकिलाचा नाही. माझा आहे.

वकिलाचा माणूस आला तो गोरागोमटा, मऊ हातांचा, बूट चिखलात रुतला तर रडवेला होणारा. त्याने उभ्या जन्मात बोट फक्त पुलावरून बघितली असेल. दुसरा पेला झाल्यावर मला म्हणाला, बाई, कोर्टावर छाप पडेल असं आणखी काही विचारण्यासारखं आहे का? मी चीज कापत होते. म्हटलं, आमच्या कप्तानांची बोट इतकी टापटीप, की पंपातून पाणीसुद्धा नितळ येतं. त्याने लगेच लिहून घेतलं. मी म्हटलं, वादळानंतरचं विचारू नका, तेव्हा सगळंच ढवळलेलं असणार, आधीच्या दिवसांचं विचारा. सुताराला विचारा, तो खरं बोलतो. त्याने माझे आभार मानले. अर्धं चीज खाऊन गेला.

तू विचारलंस, तुला खरोखर काय हवंय. कप्तान समोर बसलेले असताना मी काय लिहिणार होते? मी त्यांना सांगून बघितलं होतं, बार्नबी. गुडघे टेकून सांगितलं. ते म्हणाले, डांबर लावलं की जाईल, एकच फेरी, मग मालकांना दुसरी बोट मागतो. त्यांना ठाऊक होतं ती किती गळते. त्यांना बुडायची भीती कमी वाटत होती आणि कप्तान नसायची जास्त. मला उलटं आहे. मला कप्तान नको. मला गिल्बर्ट हवा, कोंबड्यांवर खेकसणारा, सूप खारट झालं म्हणणारा, जिवंत. म्हणून मी त्यांचा धंदा बुडवला. तू नाहीस बुडवला. मी.

तू खोटं बोलशील अशी भीती मला एकदाच वाटली, त्या ‘आठवत नाही’वाल्या पत्रामुळे. म्हणून तसं कडक लिहिलं.

आता सगळ्यात वाईट ते मागते. दोष तुझ्यावरच राहू दे. तू लंडनला आहेस, मला या घरात, या टेबलावर त्यांच्या समोर बसायचंय. त्यांना कळलं की बायकोने घरातून हे केलं, तर ते जगतील पण माझ्याबरोबर नाही. हे अन्यायाचं आहे, मला कळतं. मी लहानपणी तुझ्या नावावर पुष्कळ गोष्टी खपवल्या, ही शेवटची.

हे वाचून झालं की जाळ. आणि मोठ्याने वाचता येईल असं एक पत्र पाठव.

ऑड्री

*

लाइमहाउस
११ मार्च १६६४

ऑड्री आणि गिल्बर्ट,

हे दोघांनी मिळून वाचावं.

ऑड्री, तू माझ्याशी बोलत नाहीस, ते बरोबरच आहे. गिल्बर्टचं जे झालं ते माझ्या तोंडाने झालं. मला कोणी शिकवलं नाही, कोणी भाग पाडलं नाही. विचारलं आणि मी सांगितलं. पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगेन, तेव्हा माफी मागून ढोंग कशाला करू. राग माझ्यावर ठेवा, मला सवय आहे. लहानपणी आमच्या घरात दुधाचं भांडं कोणीही सांडलं तरी मार मलाच बसायचा, आणि त्यातली निम्मी भांडी मी बघितलेलीसुद्धा नव्हती.

मास्केल मालकांनी रिबेका लाकडाच्या भावाने मोडीत काढली. मोडायच्या कामावर मलाच लावलंय. हॉबही आहे, डोळ्याला डोळा भिडवत नाही. गुरुवारी कण्याजवळची डावी फळी काढली. पहार लावायची गरज पडली नाही, हाताने आली. बाहेरून बघितलं तर डांबराखाली चांगली दिसते, कोणीही फसेल. गिल्बर्ट, मीही हातोडीने ठोकून बघेपर्यंत फसलो होतो.

थॉमसबरोबर तिचा एक तुकडा पाठवतोय, मफलरात गुंडाळून. गिल्बर्टच्या हातात द्यावा. त्याने मधोमध अंगठा ठेवून दाबून बघावं, मग हवं तर चुलीत घालावा.

चीज संपलं. करवतीचे दोन दात गेले.

बार्नबी

*

वुडब्रिज
२९ मार्च १६६४

बार्नबी,

मला पत्रं लिहायची सवय नाही. लाकूड मिळालं. दाबून बघितलं. अंगठा आरपार गेला. मी ते चुलीत घातलं नाही. चुलीच्या वर ठेवलंय. ज्या दिवशी मी न्यूफाउंडलंडला निघणार होतो, तो दिवस परवा होऊन गेला. त्या दिवशी मी ते खाली काढून बराच वेळ हातात धरून बसलो होतो. ऑड्री पाव भाजत होती.

आता तरीची होडी चालवतो, या काठावरून त्या काठाला. दिवसाला वीस-पंचवीस फेऱ्या. बहुतेक मेंढ्या असतात. मेंढ्या मला कप्तान म्हणत नाहीत, लोक अजून म्हणतात, चिडवायला.

एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. जमिनीवरच्या वकिलाला पंपाच्या पाण्याचं सुचलं कुठून? त्याच्या जातीला पंप माहीत नसतो. परवा थॉमस तरीवर होता, सहज बोलता बोलता म्हणाला, तो लंडनचा माणूस आला होता ना, परत जाताना माझ्या होडीत तुझ्या बायकोचं कौतुक करत होता, अर्धं चीज खाल्लं म्हणत होता, आणि सुताराला काय विचारायचं तेही तिनेच सुचवलं म्हणत होता.

मी थॉमसला दुसऱ्या काठावर उतरवलं आणि नदीत बराच वेळ नुसता थांबलो. मेंढ्या ओरडायला लागल्या.

ऑड्रीला मी काही विचारलेलं नाही. विचारणारही नाही. तूही तिला सांगू नकोस की मला माहीत आहे. तिने आयुष्यभर बाळगायचं ठरवलंय तर मीही बाळगेन, तेवढं माझ्याने होईल. तुझं स्टूल खुराड्यातून काढून धुऊन घेतलंय.

ईस्टरला ये. येताना फटी बुजवायला काथ्या आणि डांबर आण. तरीच्या होडीत थोडं पाणी येतंय, आणि ते नितळ आहे.

गिल्बर्ट